आप्पांचा हफ्तुम

आम्ही धाराशिवला बिऱ्हाड केलं त्याच आठवड्यात शेजारच्या मन्मथप्पांनी, गावाच्या आप्पांनी, माझ्या बायकोच्या शेंगदाण्याच्या चटणीला तिच्या तोंडावर 'दुय्यम' म्हटलं. अव्वल कुणाची, ते काही सांगितलं नाही. बायको दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी कळलं, की या गृहस्थानं गावातल्या विहिरींनाही नंबर दिलेत आणि मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यालाही. मग तिचा राग गेला.

आप्पांचं सुतळी-दोराचं दुकान होतं. दावी, कासरे विकायचे आणि बसल्या बसल्या शूटिंग बॉलची जाळी विणायचे. हा खेळ आमच्याकडं तेव्हा गावोगाव. जाळीच्या दोन्ही अंगाला सात-सात गडी, मुठी जुळवून बॉल असा हाणायचा की पलीकडच्याला पत्ता लागू नये. जत्रेत सामने असले की गावं बाहेरचे खेळाडू सुपारी देऊन आणत, पागोटी बांधत. खेळावरच ज्यांची चूल पेटते असेही दोघं-चौघं जिल्ह्यात होते. कुणाला बोलवायचं हे ठरवायला पंचमंडळी आधी आप्पांच्या दुकानाची पायरी चढत.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी शिकवायचो त्या शाळेतही पहिली-दुसरी आली होती. पण आप्पा उर्दू शाळेत शिकलेले. त्यांची मोजणी अव्वल, दुय्यम, सुय्यम अशी निघायची आणि हफ्तुमला, म्हणजे सातव्याला, थांबायची. "त्याच्याफुडं गर्दी हाय," म्हणायचे.

जुन्या खेळाडूचं नाव काढलं की हात झटकत. "त्यो आता शेरडं राखतो. सध्याचं बोला मास्तर." एखाद्याचं लग्न झालं की त्याला एक नंबर खाली आणत. कारण विचारलं तर म्हणत, "सहा म्हैने नजर जाळीवर राहात न्हाय." कळंबचा एक पोलीस शिपाई सायकल हाणत आला, दुकानासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, म्या अजून चौथाच का?" आप्पांनी जाळीतून मान वर केली नाही. "पोट बघा की साहेब," एवढंच बोलले. शिपाई ओशाळून गेला, आणि पुढच्या जत्रेत खरंच बारीक होऊन आला.

या इन्साफी माणसाच्या घरात एक खेळाडू होता. सिद्राम, त्यांचा पुतण्या. भाऊ-भावजय पटकीत गेले तेव्हा पोर रांगत होतं. आप्पांनी लग्न केलं नाही, पोर वाढवलं. सिद्राम आता पंचविशीचा, आणि माझ्या मते जिल्ह्यात त्याच्यासारखा बॉल मारणारा दुसरा नव्हता. पण आप्पांच्या हिशेबी तो हफ्तुम. वर्षानुवर्षं हफ्तुम. पोरगं बिचारं खाली मान घालून जेवायचं.

अशात बेंबळीचे बसप्पा सोयरिकीचं बघायला आले. मुलगी महानंदा. सिद्रामनं तिला जत्रेत बघितलेलं होतं आणि माझ्या बायकोजवळ येऊन "वैनी, हितंच जमू द्या" म्हणून गेला होता. बसप्पांनी चौकशी चोख केली. दुकान, वागणूक, व्यसन, सगळं पटलं. मीही तिथं होतो. चहा आला. बसप्पा स्वतः खेळाचे वेडे. हसत हसत त्यांनी विचारलं, "आन् आप्पा, तुमच्या नंबरात पोरगा कितवा?"



"हफ्तुम," आप्पा म्हणाले.

बसप्पाही उर्दू शाळेतलेच. त्यांनी कप खाली ठेवला. "सातवा? आमी तर लई ऐकून आलो होतो."

"घरचा म्हणून वर चढवू व्हय?"

पाहुण्यांनी उपरणं झटकलं. "बरं हाय. कळवतो," म्हणाले आणि उठले. आमच्याकडं 'कळवतो' म्हणजे संपलं. सिद्राम आतल्या खोलीत होता, तो बाहेर आलाच नाही.

मी आप्पांना फैलावर घेतलं. "दोन नंबर वर सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पोराचा संसार उभा राहत होता!" आप्पा सुतळीला गाठी मारत राहिले. "मास्तर, खोटं बोललो तर उद्या माझ्या पायरीला कोण यील?" मला इतका संताप आला होता, की आठवडाभर त्यांच्या दुकानावरून जाताना मी मान फिरवत होतो.

बेंबळीची जत्रा आली. धाराशिवच्या संघाला आमंत्रण होतं, सिद्राम खेळणार होता. मी संताप बाजूला ठेवून आप्पांना एसटीत बसवलं, कारण बसप्पा तिथं असणार आणि एकदा डोळ्यांनी बघतील ही मला आशा. आप्पांची नेहमीची जागा जाळीच्या खांबाशी, सगळ्यांकडं पाठ करून. पण तिथं बसप्पा यजमान. फिसकटलेल्या सोयरिकीचा राग त्यांनी धरला नव्हता. "असं लांब का? या, या," म्हणत त्यांनी आम्हा दोघांना पुढच्या घोंगडीवर बसवून घेतलं.

सामना सुरू झाला. सिद्राम त्या दिवशी असा खेळला की काय सांगू. एक बॉल तर त्यानं मागं पडता पडता उचलून पलीकडच्या कोपऱ्यात घातला. बेंबळीकरच उठून ओरडले. बसप्पा माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "ह्यो सातवा? मास्तर, मग वरचे सहा काय देव हायेत का?"

काही बोलावं म्हणून मी आप्पांकडं वळलो. आप्पांनी डोळे गच्च मिटले होते. ओठ हलत होते, हातांच्या मुठी धोतरात रुतल्या होत्या. बॉल दुसऱ्याकडं गेला तसे त्यांनी डोळे उघडले. तो पुन्हा सिद्रामकडं आला, डोळे पुन्हा मिटले.

बसप्पांनीही ते बघितलं. सामना जिंकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आप्पा, ह्ये काय?"

आप्पा चोरी पकडल्यासारखे झाले. उपरण्याच्या टोकाशी चाळा करू लागले. "न्हाय बघवत," म्हणाले. "बॉल चुकला आन् लोक हसले तर? पोर पडलं तर? भावानं माझ्या पदरात टाकलंय. एकदाबी बघितलं न्हाय मी त्याला खेळताना."

"मग नंबर कसा दिला?" मी विचारलं.

"सहा बघून दिले. त्येंच्याफुडं, न बघितलेल्यांत ह्यो पयला." मग म्हणाले, "आन् मास्तर, ह्याच्याहून वर द्यायला लाज वाटायची. माझं मन तर अव्वलच म्हणायचं."

बसप्पा त्यांच्याजवळ सरकले. मग म्हणाले, "आमची महानंदा तुमच्या घरात दिली. तुमीबी एकदा तिला बघून घ्या, डोळं उघडं ठिवून." मला इतकं हलकं वाटलं, की आठवडाभर या माणसावर चिडलो होतो हे विसरून मी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. सिद्राम घाम पुसत आला तेव्हा बसप्पांनीच त्याला बातमी सांगितली. तो चुलत्याच्या पाया पडला.

"आता नंबर काय?" बसप्पांनी विचारलं.

"हफ्तुमच. बघितलं कुठं अजून?"

जेवायला पंगत बसली. आप्पा माझ्या शेजारी होते. चार घास झाल्यावर माझ्याकडं झुकून, सिद्रामला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, "मास्तर, ते लोक उठून वरडले, तवा पोरानं काय केलं हो?"

मी सांगितलं. कसा मागं गेला, कसा पडता पडता उचलला, कुठं घातला.

आप्पांचा हात ताटातच राहिला होता. "परत सांगा," म्हणाले.