आंब्याचं पान, वरीलप्रमाणे

बायकोला मदत करायची, असं मी निवृत्तीनंतरच्या चौथ्या आठवड्यात ठरवलं. (पहिले तीन आठवडे मी तिला सल्ले देत होतो. त्या काळात तिने दोनदा विचारलं, की तुमच्या ऑफिसात रिटायर झालेल्यांना परत घेतात का.)

मी टिपणीस. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. बायको आसावरी, मुलगी उर्वी, आणि डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावरचं घर. आसावरी विणते. डोंबिवलीत थंडी वर्षातून साडेतीन दिवस, त्यामुळे स्वेटरचं नाव कोणी काढत नाही. म्हणून ती किटलीच्या टोप्या, चष्म्याची घरं, उशांचे अभ्रे असलं काय काय विणते. आणि मासिकात बघून नाही हं, नमुना तिचा स्वतःचा. किती टाके घालायचे, कुठे वाढवायचे, कुठे कमी करायचे, सगळं ती बसवते आणि वहीत लिहून ठेवते. हे मला आत्ता माहीत झालंय. तेव्हा कोणी विचारलं असतं, तर 'ती लोकरीचं काहीतरी करते' एवढंच मी सांगितलं असतं.

गेले तीन महिने ती सुती दोऱ्याचं तोरण बसवत होती. आंब्याची अकरा पानं, प्रत्येकात मधोमध उठून दिसणारी शीर. सोसायटीतल्या झाडाचं खरं पान टेबलावर ठेवायचं, विणायचं, लांबून बघायचं आणि उसवायचं.

"अजून तेच पान?" मी एकदा विचारलं.

"देठ नीट लटकत नाहीये," ती म्हणाली.

मी खऱ्या पानाचं देठ बघितलं. ते आपलं देठ होतं. मी पेपर वाचायला लागलो.

मग ठाण्याच्या एका महिला मंडळाने विणकामाच्या नव्या नमुन्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि आसावरीचं तोरण मागितलं. खाली छापून येणार होतं, 'नमुना : आसावरी टिपणीस'. तिने हे मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मंडळाच्या मालनताईंचा नियम मात्र कडक. नमुन्याचा कागद सहा अनोळखी बायकांना द्यायचा. त्यांनी कोणालाही फोन न करता, नुसता कागद वाचून वस्तू विणायची. जमली तरच नमुना पुस्तिकेत.

"टाइप मी करून देतो," मी म्हणालो.

"जसंच्या तसं कराल ना?"

"अगं, चौतीस वर्षं दुसरं काय केलं?"

वहीत एका पानासाठी बत्तीस ओळी होत्या. ओळीगणिक टाक्यांचा हिशोब, सुलट किती, उलट किती. टाइप केल्यावर मजकूर दुसऱ्या पानावर चार बोटं उतरला. आता चार बोटांसाठी दुसरा कागद खर्च करायचा, हे माझ्यातल्या कारकुनाला पटेना. मी बारकाईने पाहिलं. पहिल्या आठ ओळींची सुरुवात 'तीन टाके'. शेवटच्या आठ ओळींचीही सुरुवात 'तीन टाके'. झालं! शेवटच्या आठ ओळी मी काढल्या आणि सुबक अक्षरांत लिहिलं, 'ओळ २५ ते ३२ : ओळ १ ते ८ वरीलप्रमाणे'. मजकूर एका पानात बसला. त्या आनंदात मी स्वतःचा स्वतः चहा करून घेतला. आसावरीने कागद वरून खालपर्यंत पाहिला, 'छान दिसतोय' म्हणाली आणि ठाण्याला पाठवून दिला. तपासला नाही. माझ्यावर विश्वास ठेवला. (लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणसाच्या हातून अशी चूक व्हायला नको होती.)

आठ दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला लागले.

"आई," उर्वी फोन बघत म्हणाली, "तू फिशचं तोरण करतेयस?"

पहिला फोटो आम्ही तिघांनी बघितला. वर पानाचा आकार व्यवस्थित आला होता. टोकाशी अरुंद, मधे रुंद, पुन्हा अरुंद. आणि देठाच्या जागी पसरलेली, ऐटदार शेपटी. दुसरा फोटो तसाच. तिसरीने तर अकराच्या अकरा मासे पूर्ण करून दाराला लावले होते. एखाद्या चांगल्या खानावळीला शोभलं असतं.

सहावा फोटो खाडीकडच्या मनुबाईंचा. त्यांचं अर्धं आयुष्य जाळी विणण्यात गेलेलं. त्यांनी फोटोबरोबर आवाजही पाठवला होता. "ताई, कागदावर लिवलंय तसाच केलाय. पन ह्यो पापलेट हाय. आंब्याला शेपूट मी तरी बगला नाय."

मी मोठ्याने हसलो. आसावरी हसली नाही. दुपारी मालनताईंचा फोन आला. आवाज गोड होता, पण म्हणणं सरळ होतं. "आसावरी, कल्पना सुंदर आहे गं, पण सहाच्या सहा जणींना मासे झालेत. या वेळी राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

आसावरीने फोन ठेवला. तिचं स्वतःचं पान घेऊन ती खिडकीशी बसली आणि सुईच्या टोकाने टाके मोजायला लागली. तीन, पाच, सात, नऊ, अकरा. परत पहिल्यापासून.

"माझंच कुठेतरी चुकतंय," ती म्हणाली. "विणताना हात आपोआप बरोबर जातो, लिहिताना काहीतरी राहतं. पूर्वी मासिकात बघून विणत होते तेच बरं होतं. मला कुठे एवढं येतंय!"

तिला धीर द्यावा म्हणून मी वही उचलली. म्हटलं, आपणही मोजल्यासारखं करू. शेवटच्या आठ ओळी वाचल्या. 'देठ. तीन टाके. आता एकही टाका वाढवायचा नाही.' 'वाढवायचा नाही'च्या खाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. आणि पहिल्या आठ ओळींत दर एका ओळीआड दोन टाके वाढवायचे होते.

म्हणजे शेपटी माझी होती.

खरं सांगतो, गप्प बसायचं मनात येऊन गेलं. तिचा संशय माझ्यावर नव्हताच. पण ती मात्र तीन महिन्यांची मेहनत 'मला येत नाही' या एका वाक्यात गुंडाळून ठेवायला निघाली होती. मला लाज वाटली. आणि आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त लागली. चौतीस वर्षं मी कागद लिहिले, पण माझं लिहिलेलं वाचून कोणी कधी काही केलं नव्हतं. कागद पुढच्या टेबलावर जायचा, तिथून त्याच्या पुढच्या. 'वरीलप्रमाणे' लिहिताना वर काय आहे हे मीही पाहत नसे. इथे मात्र सहा बायकांनी माझा शब्दन्‌शब्द पाळला होता. आसावरीच्या कागदातून वस्तू तयार होते. ती गेली पाच वर्षं असं लिहीत होती आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो.

"आसावरी," मी म्हणालो, "तुझं काही चुकलेलं नाही. मासे मी केलेत."

तिने वही पाहिली, कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलणी खायच्या तयारीने उभा होतो. तिने डोळे पुसले आणि एकच प्रश्न विचारला.

"एवढं कशासाठी केलंत?"

"कागद वाचवला."

तिने वही माझ्या डोक्यात न घालता टेबलावर ठेवली. माझ्या बाजूने मी ते चांगलं लक्षण धरलं.

मालनताईंना फोन मीच केला. गुन्हा कबूल केला. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्याही नियमाच्या पक्क्या. "त्या सहा जणींना आता पान कसं असतं ते कळलंय, त्या चालणार नाहीत. गुरुवारपर्यंत वेळ देते. ज्याला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, असा कोणीतरी शोधा. त्याने दुरुस्त कागद वाचून एक पान विणलं, तर घेते."

आसावरीला शोधायला लांब जावं लागलं नाही.

"बसा," तिने सुलट-उलट टाका एकदा घालून दाखवला आणि सुया माझ्या हातात दिल्या. "लिहिलंय तसं. मी काही सांगणार नाही."

चार दिवस मी विणलं. पहिल्या पानाला भोकं पडली. दुसरं पिळवटलं. तिसरं एवढं घट्ट झालं, की सुई बाहेर काढायला उर्वीला बोलवावं लागलं. चौथं माझ्या सदऱ्याच्या बटणासकट विणलं गेलं. आसावरी समोर बसून माझी चूक झाली की वहीत काहीतरी लिहायची. तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही. दर नवव्या मिनिटाला मला वाटायचं, की यातली एखादी ओळ गाळली तर काय बिघडणार आहे, आणि मग मी निमूटपणे ती ओळ विणायचो. बुधवारी संध्याकाळी सातवं पान सुईवरून उतरलं. मी ते देठाने धरलं. ते लटकलं, खऱ्या पानासारखं, जरासं डावीकडे झुकून. तेव्हा मला कळलं, की ती तीन महिने काय शोधत होती.

"सुंदर बसवलंयस गं," मी म्हणालो. एकतीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच बोललो आणि ते ऐकून तिने मान फिरवली.

पुस्तिका छापून आली. प्रकाशनाला मी इस्त्रीचा सदरा घालून ठाण्याला गेलो. तोरणाचं पान उघडलं. 'नमुना : आसावरी टिपणीस'. अंगावर मूठभर मांस चढलं. मग हळूच आभारांचं पान काढलं. सहा बायकांची नावं होती, दोऱ्याच्या दुकानदाराचं होतं, माझं नव्हतं. म्हटलं, असू दे. कर्तव्य केलं.

एवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक अनोळखी बाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मग त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसलं. दोघी उठून माझ्याजवळ आल्या.

"तुम्ही टिपणीस ना? तुमचं काम बघितलं हो! फार उपयोगाचं आहे."

मी विनयाने मान लववली. "कुठे बघितलंत?"

बाईंनी पुस्तिकेचं मधलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. अख्ख्या पुस्तिकेत तेवढंच रंगीत होतं. वर मथळा होता, 'नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका'. खाली माझी पहिली सहा पानं ओळीने, एक ते सहा क्रमांक घालून, आणि कोपऱ्यात उर्वीने काढलेला माझा सुयांसकट फोटो, नावानिशी. चौथ्यातलं बटणसुद्धा स्पष्ट आलं होतं.

"आमच्या क्लासमध्ये एकीची कालच चूक क्रमांक तीन झाली," बाई कौतुकाने म्हणाल्या. "तुमच्या वेळी सुई शेवटी कशी काढली होतीत?"