गोलकीपरच्या बदल्यात म्हैस

"यंदा ढाल महाडची! कुणाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या!"

दिगंबर वकिलांनी ओट्यावरून ही गर्जना केली तेव्हा आत माजघरात मनोरमा बाळाला बोंडल्यानं दूध पाजत होती. गर्जनेनं बाळ दचकलं, त्याला ठसका लागला आणि निम्मं दूध तिच्या पदरावर आलं. तिनं बाळाची पाठ थोपटली, टाळूवर फुंकर घातली, त्याच्या नाकाशी कान नेऊन श्वास ऐकला. खात्री पटेना म्हणून पुन्हा ऐकला. मनोरमा माहेरची पोलादपूरची, पण पुण्याच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकलेली, शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक वाचलेली बाई. इतर आयांना बाळाच्या दोनचार दुखण्यांची भीती वाटते, हिला अख्ख्या पुस्तकाची वाटायची!

महाडला फुटबॉल आणला तो सहदेवनं. मुंबईच्या गोदीत कामाला असलेला हा गडी एका सुट्टीत दासगावच्या बंदरात उतरला, तो काखेत फुटबॉल मारूनच. तेव्हापासून दरसाल शिमग्याच्या आधी भातकापणी झालेल्या शेतात महाड विरुद्ध पोलादपूर असा सामना व्हायचा आणि दरसाल पितळी ढाल पोलादपूरला जायची. यंदा महाडच्या संघाचं मॅनेजरपद दिगंबर वकिलांनी घेतलं होतं. वकिलांनी जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण मॅनेजरला पाय लागत नाहीत, डोकं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते डोकं त्यांनी कुठं वापरलं? तर दुसऱ्या गावचे खेळाडू आणण्यात!

ओट्यावर मुरारी वाणी आणि कुशाबा शिंपी रोज संध्याकाळी बसत. दोघांनाही खेळण्याचा कंटाळा आणि खेळावर बोलण्याची भारी हौस.

"हिशेब कर ना कुशाबा," मुरारी म्हणाला. "गेल्या साली अण्णा मॅनेजर. खर्च काय? एक नारळ! हरलो कितीनं? चार गोलांनी. यंदा हिरकणीवाडीचा बॅक आणला, त्याला घोंगडी दिली. वर त्याच्या बांधाचा खटला फुकट. सहदेवला रोज कोंबडीचा रस्सा. एवढं करून परवा सरावाला शाळेच्या पोरांकडून हरलो. कितीनं? तीन!"

"म्हंजे घोंगडी, खटला अन् कोंबड्यांत एक गोल वाचला."

"फार महाग पडला रे!"

"अरे, पण गोलकीपर कुठं आलाय अजून? शिवथरचा नाथू! त्या हरिबाचा मुलगा. वरच्या वाडीवर म्हशी राखतो. वकिलांनी म्हैस दिलीय त्याच्यासाठी!"

आत मनोरमेचा हात थबकला. म्हैस? कुणाची म्हैस? या घरात म्हैस एकच होती. चंद्री!

आता चंद्रीचं सांगायलाच हवं. बाळाला अंगावरचं पुरत नव्हतं. गाईचं दूध दिलं की उलटी. शेजारच्या म्हशीचं दिलं की पोट बिघडायचं. वावडिंग घालून उकळलेलं, निम्मं पाणी घातलेलं चंद्रीचं दूध मात्र बाळ गटागटा पिऊन ढेकर देऊन झोपायचं. मनोरमेला सासरचं सगळं घर एकीकडे आणि चंद्री एकीकडे होती.

रात्रीच्या जेवणापर्यंत ती थांबलीच नाही.

"अहो, चंद्रीला दिलंत?"

"दिलं कुठं? जिंकलो तर द्यायची," वकील घाईघाईनं म्हणाले. "हरिबा म्हणाला, 'सायेब, पोरगा माझा उजवा हात हाय. हात नेताय तर हाताला हात द्या, नायतर म्हस द्या.' करार चोख आहे. जिंकलो तर म्हैस त्याची. हरलो किंवा बरोबरी झाली तर म्हैस आपली. नुकसान कुठं आहे सांग!"

"बाळ काय पिणार? ढाल?"

"अगं, शब्द दिलाय मी!"

"मला विचारून?"

वकिलांना एकाएकी कुणा अशिलाची आठवण झाली आणि ते बाहेर पडले. मनोरमा गोठ्याच्या दारात उभी राहिली. चंद्री रवंथ करत होती. "तू कुठंही जाणार नाहीस," मनोरमा तिला म्हणाली. चंद्रीनं कान हलवला. ठराव एकमतानं मंजूर झाला!

म्हणजे आता महाडनं हरायला हवं होतं. निदान बरोबरी तरी. आणि मॅनेजरच्या घरात बसून हे काम करायला मनोरमेसारखी योग्य व्यक्ती दुसरी नव्हती.

नाथू आला. अंगानं सागाच्या सोटासारखा तरणा गडी. डोंगरावर गुरं वळवायला दगड फेकायचे, उलटून आलेले झेलायचे, त्यामुळे त्याच्या हातातून चेंडू काही सुटेना. सामन्याच्या आदल्या दिवशी मनोरमेनं त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. जड खाल्लं की माणूस सुस्तावतो, हे पुस्तकात होतं.

"घ्या नाथू, आणखी एक घ्या."

"वयनी, बस झालं गो!"

"काही बस नाही. तूप घ्या वरून."

पोळ्यांची चळत संपली, तुपाची वाटी संपली, शेवटी कटाची आमटीही संपली. नाथू तृप्त होऊन अंगणात आडवा झाला. मनोरमा समाधानानं झोपली. सकाळी उठून पाहते तो नाथू दोन्ही काखांत विहिरीच्या दोन घागरी घेऊन उड्या मारतोय! "वयनी, आमच्याकडं नाचणीची भाकर. असलं खाल्लं नव्हतं कधी. अंगात नुसता वाघ शिरलाय!"

पुस्तक लिहिणारा शिवथरला कधी आला नव्हता, एवढंच तिला त्या दिवशी कळलं.

सामन्याला जत्रा लोटली. एका बाजूला महाड, दुसऱ्या बाजूला पोलादपूर, मध्ये शिट्टी घेऊन शाळेचे मास्तर पंच. हरिबा सकाळीच येऊन बसला होता. जिंकल्याबरोबर म्हैस न्यायची, उगाच परत घरापर्यंत हेलपाटा नको, म्हणून त्यानं वकिलांकडून चंद्रीला मैदानावरच आणवून घेतलं होतं. शिंगांना तेल, गळ्यात झेंडूची माळ! महाडच्या गोलाशेजारच्या आंब्याला ती बांधली होती. मनोरमा बाळाला घेऊन त्याच आंब्याखाली बायकांत बसली. बाळाला ऊन लागू नये म्हणून, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

खेळ सुरू झाला आणि थोड्या वेळात सहदेवनं गोल मारला. महाडकडं एकच आरोळी! मुरारी ओरडला, "घोंगडी वसूल!" कुशाबा ओरडला, "कोंबड्या वसूल!" हरिबा उठून चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवून गेला.

मनोरमा चंद्रीच्या दाव्याजवळ सरकून बसली.

पोलादपूरनं जीव तोडून हल्ले केले. पण नाथू! वरून आलेला झेलला, खालून आलेला दाबला, एक तर दातांत धरला की काय असं वाटलं. वेळ संपत आली. मास्तरांनी घड्याळ बाहेर काढलं. बाळानं नेमकं तेव्हाच चंद्रीकडे पाहून हात पसरले. बस्स! मनोरमेनं बाळ काखेत घट्ट धरलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि आंब्याला बांधलेली दाव्याची गाठ ओढली.

तिचा बेत साधा होता. म्हैस मैदानात शिरेल, गोंधळ होईल, पोलादपूरचा एक गोल होईल. पण चंद्रीनं मैदानाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडं कुणाचा तरी वालाचा मळा हिरवागार उभा होता, ती थेट त्यात घुसली!

"ए ए ए! म्हस वालात गेलीऽऽ!"

हे शब्द कानी पडल्यावर गोल, ढाल, वकील, कशाचंही भान नाथूला उरलं नाही. गुराख्याच्या डोळ्यांदेखत जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं, की आधी जनावर, मग जग! तो गोल सोडून "हिर्रर्र!" करत धावला. आणि गंमत म्हणजे पोलादपूरचा गोलकीपरही गुराखीच. तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाहून धावत आला! दोघांनी दोन बाजूंनी चंद्रीला वळवलं. इकडे पोलादपूरच्या गड्यानं मोकळा गोल पाहून चेंडू हाणला. मनोरमेनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. चेंडू सुटला, गोलात जाणार, जाणार... आणि वळवलेली चंद्री नेमकी गोलाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

थप्प!

चेंडू तिच्या कुशीवर आपटून बाहेर गेला. मास्तरांची शिट्टी वाजली. वेळ संपली होती.

मग जे भांडण जुंपलं, त्यापुढं सामना म्हणजे भजन होतं.

"गोल धरा!" पोलादपूरचा मॅनेजर सोनबा पंचांच्या अंगावर गेला. "महाडच्या म्हशीनं अडवला! बारावा खेळाडू! बरोबरी झाली. ढाल आमच्याकडंच राहणार!"

"कोण म्हणतं महाडची म्हैस?" दिगंबर वकील पुढं सरसावले. कोर्टात जेवढे चढत नसत तेवढे ते चढले. "सामना आम्ही जिंकला. जिंकला म्हणजे करारानं म्हैस हरिबाची. हरिबा शिवथरचा. म्हणजे म्हैस तिऱ्हाईत! तिऱ्हाईताच्या म्हशीचा आम्हाला दोष नाही, म्हणून सामना आम्ही जिंकला!"

मास्तरांनी कपाळ धरलं. "पण जिंकला म्हणून म्हैस त्याची, की म्हैस त्याची म्हणून जिंकला?"

"माझीच हाय! माझीच हाय!" म्हणत हरिबानं दावं हातात घेतलंसुद्धा.

आणि मग गर्दी दुभंगली. काखेत बाळ, डोक्यावरून पदर, अशी मनोरमा थेट मैदानाच्या मध्यावर येऊन उभी राहिली. महाडात एखादी सून अशी पुरुषांच्या घोळक्यात बोलायला आलेली कुणी पाहिली नव्हती.

"म्हैस माझी आहे," ती म्हणाली. "माहेरहून आंदण आलेली. ती द्यायचा अधिकार कुणालाच नाही, मॅनेजरनाही नाही. दावं सोडा, हरिबाकाका."

"अगदी बरोबर!" सोनबा छाती काढून ओरडला. "पोलादपूरची लेक, पोलादपूरचं आंदण! वरातीमागनं मी स्वतः हाकलत आणली होती ही म्हस! म्हस पोलादपूरची!"

बोलला मात्र, आणि दिगंबर वकिलांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

"मास्तर, ऐकलंत? म्हैस पोलादपूरची! मग पोलादपूरचा गोल पोलादपूरच्याच म्हशीनं अडवला. त्यात महाडचा काय दोष?"

सोनबानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकून ढाल महाडला दिली. ताशे वाजले, गुलाल उधळला. मनोरमेनं दावं हातात घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अन् माझं काय?" हरिबा म्हणाला. ताशे थांबले. "सामना जिंकलात. म्हस नाय. नाथू म्हणतोय, मी इथंच ऱ्हातो, वयनी पोळ्या करतात. शब्द दिला होता सायेबांनी. माझ्या म्हशी कोण राखंल?"

वकील खाकरले. खटला फुकट, घोंगडी, असं काहीबाही पुटपुटले. तेवढ्यात मनोरमा म्हणाली, "काका, हाताला हात द्या, असंच म्हणाला होतात ना तुम्ही?"

"व्हय गो बाय."

"मग ज्यांनी शब्द दिला, त्यांनाच घेऊन जा. शिमग्यापर्यंत."

ढाल हातात, गुलाल कपाळाला आणि खांद्यावर हरिबाची काठी, अशा थाटात महाडचे विजयी मॅनेजर शिवथरचा डोंगर चढून गेले!

ओट्यावर दुसऱ्या दिवशी हिशेब झाला.

"बघ कुशाबा. ढाल एक. खर्च किती? एक घोंगडी, थोड्या कोंबड्या आणि एक वकील."

"स्वस्तात पडली रे!"

"पण या बदलीत फायदा कुणाचा? आपला की हरिबाचा?"

याचं उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. शिमगा अजून दूर होता, तोच एका सकाळी हरिबा दारात हजर. मागं दिगंबर वकील, अंगभर काट्यांचे ओरखडे, एका पायात वहाण. हरिबाच्या हातात एका शेळीचं दावं.

"वयनी," हरिबा हात जोडून म्हणाला, "हा तुमचा मानूस परत घ्या. म्हशी वालात गेल्या की हा त्यांना कायदा सांगतो! अर्ध्या म्हशी कोंडवाड्यात हायत. परत घ्या, वर ही शेळी देतो."

ओट्यावर मुरारी आणि कुशाबा श्वास रोखून बसले. मॅनेजरच्या बदल्यात शेळी! असा व्यवहार महाडात पूर्वी झाला नव्हता.

मनोरमेनं नवऱ्याकडं पाहिलं. मग शेळीकडं पाहिलं.

"दूध देते का?" तिनं विचारलं.