कोरीटचा पाहुणा खापरला

हिंमतराव पाटलांच्या ओट्यावर सकाळी एक गोरा तरुण पाठपिशवी उशाला घेऊन झोपलेला सापडला. कोरीट गावात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. हिंमतरावांनी आधी त्याचा श्वास चालू आहे का ते पाहिलं. मग शेजारच्या दोधूला हाक मारली.

"दोधू, हाऊ कोन शे रे?"

"माले काय माहीत, आबा? तुमना वट्टावर शे, म्हंजे तुमनाच पाहुना."

दोधू सहज बोलला. हिंमतरावांनी ते मनावर घेतलं.

तरुणाचं नाव यान. हॉलंडचा. पाठीवर घर घेऊन भारतभर फिरत होता आणि फिरता फिरता मोडकंतोडकं हिंदी शिकला होता. सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी बघायला निघालेला, रात्री चुकीच्या गाडीत बसून कोरीटला उतरला. होळीला अजून अवकाश होता.

"मंग ऱ्हाय आठेच," हिंमतराव म्हणाले. यानला भाषा कळली नाही, पण त्याची पिशवी घरात गेलेली दिसली.

हिंमतरावांच्या या उत्साहाला कारण होतं. त्यांची बायको सुगंधाबाई मागच्या वर्षी वारली. मुलगी काजल नाशिकला दवाखान्यात नर्स. खापर गावच्या रूपचंद पाटलांचा मुलगा नवनीत, शाळेत मास्तर, तिला पसंत होता आणि ती त्याला. रूपचंदही राजी होते. अडलं होतं ते नवनीतच्या आईपाशी. तापीबाईंनी एकच गोष्ट विचारली होती: "त्या घरमा बाई नई. उद्या आमना मानसे गयात, ते त्यासले जेवानं कोन पुसी?"

हे शब्द हिंमतरावांच्या कानावर आले होते. सुगंधाबाई असताना त्यांच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं. ती गेल्यावर लोक त्यांच्याकडे यायचेच बंद झाले. एकट्या माणसाला कशाला त्रास, म्हणून. आता एक जण आला होता. झोपेत का होईना, आला होता.

थोड्याच वेळात दोधूची आई भिकुबाई भिंतीवरून डोकावली.

"आबा, पाहुनाले आमना घर धाडी द्या. तुम्हले कोठे जमी?"

"माले जमस."

"भाकर जमस का?"

"त्यानी कोठे पाह्यी शे भाकर? मी करसू तीच भाकर."

पहिली भाकरी तव्यावरून काढताना तिचे तीन तुकडे झाले. यानने त्या तीन भाकऱ्या समजून खाल्ल्या. दुसरीला हिंमतरावांचा हात भाजला. तिसरी जमली. चौथ्या दिवशी तर दादर ज्वारीची भाकरी अशी फुगली, की हिंमतरावांनी भिकुबाईला भिंतीपाशी बोलावून ती दाखवली. वांग्याचं भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी, सगळं रांधून झालं.

वाढण्याच्या बाबतीत त्यांनी सुगंधाबाईंचाच शिरस्ता चालवला. पाहुण्याचा पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा सवयीचा, तिसऱ्याचा विचार करू. यानच्या देशात पहिल्याच नकाराला माणसं भांडं खाली ठेवत असत. इथे त्याने वाटीवर आडवा हात धरला, तर तूप हातावर पडलं.

निघायचा दिवस आला. यान खापरला मुक्काम करून पुढे काठीला जाणार होता. "लॉज में रहूँगा," तो म्हणाला. हिंमतरावांचा चेहरा पडला. पाहुणा पुढच्या गावी पोचवायचा तर तिथल्या ओळखीच्या घरी पोचवायचा. खापरात त्यांची ओळख एकाच घरी होती. त्यांनी कागदावर रूपचंद पाटलांचं नाव लिहून दिलं.

मग रिवाजाप्रमाणे पाहुण्याचा मान केला. भिकुबाईने यानला कुंकवाचा टिळा लावून अक्षता चिकटवल्या. हिंमतरावांनी त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि पाठीवर हात ठेवला. दोधूने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आबासना घर, आज सकाळे.'

या भागात लग्नाच्या मुलीचा बाप टिळा-टोपी-नारळवाल्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवून उभा असेल, तर त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. सुपारी फुटली, म्हणजे लग्न पक्कं ठरलं.

पहिला फोन शहाद्याच्या बहिणीचा आला.

"मी काजलनी फुई शे का कोनी वाटसरू? सांगं बी नई माले?"

"काय सांगू?"

"आते काय सांगशी? जवाई पाह्या मी. उंच शे. पन इतला धवळा कसाले पाह्या रे भो?"

तिला समजावेपर्यंत दोन मेव्हणे रुसले. मग काजलचा फोन आला.

"आबा, मन्ही सुपारी फुटनी म्हने. नवरदेवनं नाव तरी सांगा. वॉर्डमा पेढा मांगी ऱ्हायनात."

"पोरी, तो पाहुना शे."

"माले माहीत शे. पन नवनीत मन्हा फोन उचली नई ऱ्हायना, आबा." तिचा आवाज एकदम बारीक झाला.

म्हणजे फोटो खापरला पोचला होता. तेवढ्यात हिंमतरावांना दुसरी गोष्ट आठवली आणि ते खाटेवर बसले. फोटोतला माणूसही खापरला पोचत असेल. टोपी घालून. नारळ घेऊन. थेट रूपचंदांच्या दारात.

रूपचंद फोन उचलेनात. हिंमतराव नंदुरबारला गेले आणि मिळेल त्या गाडीने खापर गाठलं. सकाळी यानला जेवू घालण्याच्या नादात ते स्वतः जेवले नव्हते. हे त्यांना रूपचंदांच्या दारात वरणाचा वास आला तेव्हा कळलं.

ओसरीवर यान पाटावर बसून जेवत होता. तापीबाई वाढत होत्या. नवनीत खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता.

"या पाटील," रूपचंद म्हणाले. "तुमना जवाई जेवी ऱ्हायना."

"तो जवाई नई शे. पाहुना शे."

"ते आम्हले आते समजनं," तापीबाई म्हणाल्या. "दारमा उना तव्हय मन्हा जीव जळना. पन दुश्मन दारमा उना तरी आधी ताट, मंग भांडन. दोन बट्ट्या खादी लिध्यात, मंग मी इचारं."

"काय सांगं त्यानं?"

यानला आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं. त्याने घास गिळला. "मैं बोला, बाबा अकेला. बाबा रोटी बनाया. हाथ जला. मैं ना बोला, फिर दिया. मैं हाथ रखा, हाथ पे घी दिया."

तापीबाईंनी हिंमतरावांकडे पाहिलं. "खरं का? हातवर तूप वाढं?"

"त्यानं हात काढाले उशीर कया."

रूपचंद हसले. तापीबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि आणखी एक भरलेलं ताट आणून हिंमतरावांपुढे ठेवलं. बट्टी, वरण, वर तूप. "बठा पाटील. जेवा."

नवनीतने मान वर केली. लेकीच्या सासरी बाप जेवत नाही. नातवंड होईपर्यंत तिथलं पाणीही पीत नाही. जेवतो तो परका. हे ओसरीवर यान सोडून सगळ्यांना माहीत होतं. जेवले तर काजलचा विषय इथेच संपला. नाही जेवले तर वाढलेल्या ताटाचा अपमान, आणि तोही या बाईच्या ताटाचा.

हिंमतरावांच्या पोटाने सगळ्यांना ऐकू येईल असं मत दिलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट ठेवले.

"माय, मी आठे जेवू नई शकत."

"कसाले? भाकर जमस तुम्हले, म्हनीसन आमनं रांधनं आवडत नई का?"

"आवडस. सकायपाइन उपाशी शे. पन मी आठे जेवनू, ते मन्ही आंडेर काजल आठे नांदाले कशी येई?"

तापीबाई वाकल्या आणि त्यांच्यापुढचं ताट उचललं.

"मन्हंच चुकनं," त्या म्हणाल्या. "व्याहीले कोनी ताट वाढस का?" आणि आत जाता जाता मुलाला म्हणाल्या, "नवनीत, उचल आते तिना फोन. कव्हयनी करी ऱ्हायनी ती."

यान घास हातात धरून बघतच राहिला. एवढे महिने हा देश फिरला, पण वाढलेलं ताट परत जाताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याहून नवल म्हणजे, ज्याचं ताट गेलं तो म्हातारा डोळे पुसत हसत होता.

हिंमतराव परत कोरीटला उतरले तेव्हा भिकुबाई दारातच उभी होती.

"काय वाढं आबा खापरले?"

"ताट वाढं. मंग म्होरेथून उचली लिधं."

"पानी?"

"पानी बी नई पुसं," हिंमतराव म्हणाले, आणि हे समोरच्या घरातल्यांनाही ऐकू जावं म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, छाती काढून सांगितलं.