हे स्पष्ट, की हे?

"हे स्पष्ट, की हे?" चष्मेवाल्यांनी भिंग बदललं.

"दोन्ही सारखंच दिसतंय," खुर्चीवरचे मास्तर म्हणाले.

चष्मेवाल्यांचं डोकं फिरलं. "सारखं कसं असेल? नीट बघा! डोळे काय शोभेला दिलेत?"

दोन वस्तू सारख्या असू शकतात, हे या माणसानं जन्मात कबूल केलं नव्हतं. टूथब्रश घेतानाही ते दोन ब्रश उजेडात धरत, एक बाद करत आणि उरलेल्याशी तिसरा झुंजवत. दुकानदार त्यांना पाहिलं की जेवायला निघून जाई.

त्याच दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, बाळाच्या वेळी सासूबाई तुमच्याकडेच राहणार आहेत. त्यांना पंजाबीशिवाय काही येत नाही. मागच्यासारखं करू नका हं."

मागच्या वेळी विहीणबाई आल्या, तेव्हा दोघं सोफ्यावर समोरासमोर बसून नुसते हसत राहिले होते. जबडे दुखायला लागले, तसे चष्मेवाले "गिऱ्हाईक आलंय" असे हातवारे करून खालच्या दुकानात पळाले. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती आणि कुलूप विहीणबाईंनी येतानाच पाहिलं होतं. घरी जाऊन त्या सुनेजवळ रडल्या. तुझ्या वडिलांना मी नकोशी झाले, म्हणाल्या. हे चष्मेवाल्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"या वेळी तुझा बाप पंजाबीत बोलेल," त्यांनी फोनवर छाती ठोकली. "फक्त पुस्तक योग्य मिळालं पाहिजे."

इथेच माशी शिंकली. जगात शिकणारे मूठभर आणि शिकायची तयारी करणारे पोत्यानं. चष्मेवाले त्या पोत्यात पडले.

आधी 'झटपट पंजाबी' आलं. त्यातलं पहिलंच वाक्य 'हा घोडा कोणाचा आहे?' लिहिणाऱ्याच्या डोक्यात घोडा शिरला होता की घोड्याच्या डोक्यात लिहिणारा, देव जाणे. ते बाद. मग उशीएवढा व्याकरणाचा ग्रंथ आला. तो वाचून माणूस पंजाबी बोलेल की नाही ठाऊक नाही, पण मराठी बोलायचा नक्की थांबेल. मग मोबाइलवरचे धडे, मग चित्रांचे पत्ते. चष्मेवाले दोन-दोन वस्तू खिडकीत धरून पहिलं पान तपासत. पुढची पानं निवड झाल्यावर! हरलेली पुस्तकं स्वयंपाकघरातल्या रद्दीच्या फळीवर जात.

"अहो, एखादं सुरू तर करा," बायको म्हणाली.

"चुकीचा नंबर लागला तर डोकं दुखतं. भाषेचंही तसंच असतं."

"एवढी पारख तर जावई निवडतानाही नव्हती."

"जावई मी कुठे निवडला? पोरीनं निवडला, मला न विचारता."

"म्हणून चांगला निघाला."

त्यांनी त्या चांगल्या जावयाला फोन करून सल्ला विचारला. तो म्हणाला, "बाबा, कोणतंही घ्या, फक्त वाचा." चष्मेवाल्यांनी फोन ठेवला. "याचेही डोळे तपासायला हवेत!"

महिने उलटले. अंतिम फेरीत पंजाबी अक्षरांचे दोन तक्ते उरले. छपाई लांबून कशी दिसते ते बघायला त्यांनी एक तक्ता दुकानात, डोळे तपासायच्या फळ्यावरच लावला आणि विसरले. नेमके मास्तर आले.

"वाचा."

मास्तरांनी डोळे किलकिले केले. "ओळखीची वाटतायत... पण एकही लागत नाही."

"वरची ओळ तरी?"

"नाही हो!" मास्तरांना घाम फुटला. चष्मेवाल्यांनी भिंगावर भिंग चढवलं. शेवटी मास्तरांच्या नाकावर भिंगांची उतरंड रचली गेली. "जन्मभर अक्षरं शिकवली, आणि माझीच अक्षरं गेली!" मास्तर रडकुंडीला आले.

तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी..."

हातात बॅग घेऊन विहीणबाई उभ्या होत्या. आपली अक्षरं बघून त्यांचा चेहरा उजळला होता. आणि मागून बायको चहाचा कप घेऊन आली, ती "सस्सा, हाहा" म्हणतच! दोघींनी हात धरले आणि घडाघडा पंजाबी सुरू झालं. मास्तरांनी भिंगं काढली, तक्ता पाहिला, चष्मेवाल्यांकडे पाहिलं आणि बायकोनं आणलेल्या चहाचा घोट घेतला.

"हे... हे तू कुठून शिकलीस?" चष्मेवाले पुटपुटले.

"तुमच्या रद्दीतून."

"कोणत्या पुस्तकातून?"

"ते घोड्याचं. पहिल्याच दिवशी फेकलंत ते." बायको पुढे म्हणाली, "त्या म्हणतायत, नातवंडाचं तोंड नीट दिसायला हवं. जरा नंबर तपासा."

विहीणबाई खुर्चीवर बसल्या. चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. एवढे महिने पुस्तकं निवडूनही पंजाबीचा एक शब्द बाहेर येईना. त्यांनी एक भिंग धरलं, मग दुसरं, आणि मराठीतच विचारलं, "हे स्पष्ट, की हे?"

विहीणबाईंनी दोन्हींतून पुन्हा पुन्हा पाहिलं. मग त्या संकोचून म्हणाल्या, "दोवें इक्को जिहे ने, जी."

बायको मराठीत सांगायला लागली, तसा चष्मेवाल्यांनी हात वर केला.

"राहू दे. दोन्ही सारखंच. कळलं."

ते हसायला लागले. विहीणबाईही हसल्या. कितीतरी वेळ हसत होते, पण या वेळी जबडे दुखले नाहीत.