बाही वर करा

बाळाप्पा कुणालाही भेटले की रामराम करण्याआधी म्हणत, "बाही वर करा." दंडावर देवी काढल्याच्या खुणा दिसल्या की मगच रामराम. काकती गावच्या एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवऱ्याचा कोट उतरवला होता. मामलेदारसाहेब आमच्याकडे चहाला आले, तेव्हा तेही बोलता बोलता बाही वर करून बसले. आपण असं का केलं, हा प्रश्न त्यांना बहुधा घरी गेल्यावर पडला असेल.

मुलांनो, तुम्ही देवीचा रोग पाहिला नाही. अंगभर फोड यायचे. मूल वाचलं तर तोंडावर वण राहायचे, आणि पुष्कळदा वाचायचं नाही. त्यावरची लस तेव्हा रेडकांच्या कातडीवर तयार होई. बेळगावात सरकारचं तसं एक आवार होतं. आमच्या शेजारचे बाळाप्पा तिथं रेडकांची पोटं भादरायच्या कामावर होते. भादरलेल्या पोटावर बारीक ओरखडे काढून लस पेरायची, फोड आले की खरवडून घ्यायची. मग बाळाप्पा त्या पोटाला खोबरेल लावत आणि रेडकाच्या कानात कानडीत म्हणत, "तप्पायतवा." म्हणजे, चुकलं गं बाई. रेडकांना मराठी कळत नाही, अशी त्यांची खात्री होती.

मी मुलींच्या शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला 'बाई' म्हणत. पण शिकवायचे तेच.

"कातडं म्हंजे भित्त हाय, बाई. भित्त धड तर घर धड."

"मग तुम्ही टोचून भिंतीलाच भोक पाडता की."

"भोक न्हवं, दार. राखणदार आत जायाला नको व्हय?"

झाडांनाही त्यांचा हाच न्याय होता. आमच्या पेरूची साल सुटलेली पाहून एका सकाळी त्यांनी सगळ्या खोडाला शेणमाती लिंपली. पेरूची साल आपोआपच सुटते, असं मी इंग्रजी पुस्तक उघडून दाखवलं. "ते साहेबाचं झाड," ते म्हणाले. "ह्याला दुखतंय." आठवडाभर आमच्या दारात शेणाचा वास होता.

मग एका वर्षी आमच्याच गल्लीत देवी आली. तुमची आई तेव्हा आठ महिन्यांची होती, आणि तिला टोचलेलं नव्हतं. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, म्हणणं एकच: "देवीआई घरात येणार असंल तर तिला आडवायचं न्हाय. कोपती." टोचणारा चावडीवर आल्याची वर्दी घेऊन बाळाप्पा शाळेत आले. मी त्यांच्यासोबत धावत घरी पोचले, तर पाळणा रिकामा.

"माझ्या भावाकडं धाडली खानापूरला," आत्याबाई म्हणाल्या. "जावा आता, टोचा माझ्या कपाळाला."

मला रडू फुटलं. चपला काढून बाळाप्पा सरळ आतल्या खोलीत गेले आणि भाताच्या रिकाम्या कणगीपाशी थांबले. वरचं पोतं बाजूला करून त्यांनी आत हात घातले. तुमची आई दुपट्यात गुंडाळलेली, गाढ झोपेत होती.

आत्याबाईंचा आवाज चढला. "कुणी सांगितलं रं तुला?"

"कुणी न्हाय, आक्का. मी माझी पोर अशीच ठेवलती." ते बाळाच्या केसांतला भुसा एकेक करून काढत होते. "तिच्या आईनं लई सांगितलं, टोचून घ्या म्हणून. मीच भ्यालो. टोचणारा दोनदा घर धुंडाळून गेला. त्याला न्हाय गावली." मग म्हणाले, "देवीला गावली."

आत्याबाईंनी खुंटीवरची स्वतःची शाल काढून बाळाच्या अंगावर घातली आणि दारातून बाजूला झाल्या.

चावडीवर तुमच्या आईनं आकांत मांडला. टोचून झाल्यावर मी हात पुढे केले. बाळाप्पांनी तिला माझ्याकडे दिलं नाही.

"ऱ्हाऊ द्या की जरा, बाई."

चावडीपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. पण बाळाप्पा उलट्या बाजूला वळले, तळ्याला वळसा घालून, शेतांच्या बांधावरून. ऊन उतरेपर्यंत ते तिला खांद्यावर घेऊन पुढे चालत राहिले आणि मी मागून. रडं केव्हाच थांबलं होतं, तरी त्यांचा हात तिच्या पाठीवर हळूहळू थोपटतच होता.