‘जातो’ म्हणणारे अण्णा

आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस कधी ‘जातो’ म्हणत नाही. मग तो नाक्यावर तपकीर आणायला निघालेला असो, नाहीतर बोटीने मुंबईला. त्याने ‘येतो’ म्हणायचं, घरातल्या कोणीतरी ‘या’ म्हणायचं आणि मग उंबरठा ओलांडायचा. रत्नागिरीत हे कोणाला शिकवावं लागत नाही. आमच्या आळीतले अण्णा पाध्ये मात्र निघताना खणखणीत आवाजात सांगत, “जातो!”

बायका कानांवर हात ठेवीत. आमची ही तर दर वेळी विनवायची, “अण्णा, येतो म्हणा हो.” त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं. “वहिनी, येतो म्हणजे गेल्या वाटेने परत येतो. मी त्या वाटेने येतच नाही, तर खोटं कशाला बोलू? सरळ आहे.”

‘सरळ आहे’ हा त्यांचा लाडका शब्द. वास्तविक त्या माणसाचं काहीही सरळ नव्हतं. गेल्या वाटेने परतायचं नाही हा त्यांचा नेम. बाजारात वरच्या आळीने जात आणि खालच्या आळीने येत. छत्री घरी विसरली, तर वळून दहा पावलं मागे येणं नाही, अख्ख्या आळीला वळसा घालून ती आणीत. तोवर पाऊस थांबलेला असे. कामावर जाताना पुढच्या दाराला हातभर कुलूप ठोकत. संध्याकाळी आले की परसातून मागच्या दाराने आत शिरत, आणि त्या दाराला असे नुसती कडी! आत गेल्यावर दिवा लावायचा, मग घराला वळसा घालून पुढे यायचं आणि कुलूप काढायचं. आम्ही ओसरीवर बसून हसत असू. “अण्णा, चोराची फार सोय केलीत!” मी म्हणायचो. अण्णाही हसत.

पण आमच्या घरात या नेमाचा मला त्रास होता. अण्णा पुढच्या दाराने येत, म्हणजे जाताना मागच्या दाराने जाणार. मागचं दार स्वयंपाकघराला लागून. तिथून जाताना आमची ही हमखास त्यांच्या हातावर काहीतरी ठेवी. नारळाची वडी म्हणा, गरम घावन म्हणा. मला तीच वडी मागितली, तर नैवेद्य व्हायचा असे.

आता स्पष्टच सांगतो. मला अण्णांचा हेवा वाटायचा. ते पन्नाशीचे, मीही पन्नाशीचा. ते मोजणी खात्यात नकाशे उतरवून काढीत, मी कचेरीत कागद उतरवून काढी. पण दिवाळी आटपली, नद्यांचं पाणी उतरलं, की अण्णा पाठीला पडशी बांधून, खांद्यावर कांबळं टाकून फेऱ्याला निघत. बावनदी, देवरूख, तिथून मार्लेश्वराच्या धबधब्याकडे, पुढे एका अडनिड्या वाटेने सह्याद्रीच्या माथ्यावर, माथ्यावरच्या रानातून दक्षिणेला, आंब्याच्या घाटाने खाली, आणि साखरप्यावरून, पालीवरून घरी. सात दिवस, सगळं पायी. देवाला घालावी तशी उजवीकडून प्रदक्षिणा. आणि माझा प्रवास म्हणजे घर ते कचेरी आणि कचेरी ते घर, एकाच वाटेने.

परत आले की आळी त्यांच्याभोवती गोळा व्हायची. तीही माझ्याच ओसरीवर! मी एकदा कोल्हापूरला जाऊन आलो होतो. त्याची हकीगत सुरू केली की लोकांना कामं आठवायची. अण्णांची हकीगत मात्र चहा निवला तरी कोणी सोडत नसे. त्यांचा धबधबा दर वर्षी वाढत होता. पहिल्या वर्षी तो दोन माडांएवढा उंच होता. मग अडीच माड झाला. एका वर्षी तीन माडांवर गेला, आणि आमची ही पदर तोंडाशी धरून म्हणाली, “अगबाई!” माझ्या कुठल्याच गोष्टीला तिने कधी ‘अगबाई’ म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, या माणसाला पकडायचं. सर्व्हिस मोटारी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. अण्णा गुपचूप मोटारीत बसून फिरून येतात, अशी माझी खात्री होती. पुढच्या दिवाळीनंतर मी म्हणालो, “अण्णा, यंदा मीही येणार.”

अण्णा क्षणभर माझ्या पायांकडे बघत राहिले. “चला की गोविंदराव. वाट सरळ आहे.”

निघताना मी पायरीवरून म्हणालो, “येतो गं.” आतून उत्तर आलं, “या. आणि पायात वहाणा असू द्या.” अण्णा शेजारी उभे होते. “जातो वहिनी,” ते म्हणाले.

माझ्यापाशी वळकटी, उशी, छत्री, लाडवांचा पितळी डबा आणि फिरकीचा तांब्या. अण्णांच्या पडशीत पोहे, गूळ आणि कुळथाचं पीठ. पहिल्याच दिवशी माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. मोटार दोनदा आमच्यावर धूळ उडवून गेली. मी आशेने अण्णांकडे पाहिलं. ते वाटेकडेला होऊन तिला जाऊ देत होते. तेव्हा हे खरोखरच चालतात, हे कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

देवरूखच्या पुढे एका नदीवरचा साकव पावसात वाहून गेला होता. दोन ओंडके तेवढे राहिले होते. “सरळ आहे,” म्हणत अण्णा वहाणा हातात घेऊन पाण्यात उतरले आणि पलीकडे गेलेसुद्धा. मी ओंडक्यावरून जायची हुशारी केली. मी वाचलो, लाडवांचा डबा गेला. तो हेलकावे खात खाली जाताना आम्ही दोघे बघत राहिलो. “ह्या वर्षी संगमेश्वरकडचे मासे गोड लागणार,” अण्णा म्हणाले. मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

मग तो धबधबा आला. मी मान मागे टाकून एकावर एक माड रचायला लागलो. तीन झाले, तरी वर पाणी होतंच. अंगावर तुषार येत होते आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी अण्णांच्या कानाशी ओरडलो, “अहो, हा तर चार माड आहे!”

“चार सांगितले असते, तर तुम्ही मला ओसरीवर बसू दिलं असतंत?” अण्णाही ओरडले.

थापा म्हणून मी ज्या ऐकल्या, त्या या माणसाने माझ्या भिडेखातर कमी करून सांगितल्या होत्या. माझा हेवा यामुळे कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

घाटाखालच्या वाडीत पार्वती नावाच्या एका कुणबिणीच्या पडवीत मुक्काम. तिने लांबूनच ओळखलं. “आलाव काय अण्णा? बसा वाईच, भाकरी टाकते.” मुंबईला गिरणीत असलेल्या तिच्या नवऱ्याची तीन पत्रं तिने अण्णांकडून वाचून घेण्यासाठी जपून ठेवली होती. इतक्या लांबसुद्धा यांची वाट बघणारं माणूस! मला भाकरी गोड लागेना. सकाळी निघताना अण्णा म्हणाले, “जातो गं पार्वती.” ती काहीच न बोलता आत वळली. तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आलं की ‘येतो’ म्हटलं की ‘या’ म्हणता येतं. ‘जातो’ला उत्तरच नाही.

त्या दिवशीची चढण म्हणजे शिडी लावल्यासारखी. “सरळ आहे म्हणालो होतो ना?” अण्णा म्हणाले. आणि माथ्यावर पोहोचून हुश्श केलं, त्याच पावलाला माझा पाय दगडावरून घसरून मुरगळला. घोटा बघता बघता फणसासारखा सुजला. मला उभं राहवेना.

पुढे आंब्याच्या रस्त्यापर्यंत दीड दिवसाचं रान, वाटेत वस्ती नाही. मागे पार्वतीची वाडी, अर्ध्या दिवसावर. मागे फिरू या, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? बारा वर्षांत न मोडलेला फेरा. अण्णा काठी टेकून आधी पुढच्या रानाकडे, मग माझ्या पायाकडे बघत होते. मग त्यांनी माझी वळकटी आपल्या पाठीवर बांधली, माझा हात खांद्यावर घेतला आणि वळले.

आणि दहा पावलांवर थांबले! फाटा आला होता. “गोविंदराव, आपण डावीकडून आलो की उजवीकडून?”

“अहो, तुम्ही बारा वर्षं येताय!”

“येतोय. पण ह्या बाजूने ही वाट मी कधी बघितलीच नाही हो.” त्यांचा चेहरा खरोखर बावरला होता. नकाशे काढणारा तो माणूस आपल्याच वाटेवर पोरका झाला होता. शेवटी, एका जांभळीला माझ्या छत्रीने घासल्याची खूण मला आठवली, आणि मी वाट दाखवली. कबूल करतो, दुखऱ्या पायातही मला गुदगुल्या झाल्या.

मध्ये एका झऱ्याशी बसलो. पाय पाण्यात सोडून मी विचारलं, “अण्णा, एवढा हट्ट कशासाठी हो? गेल्या वाटेने परतलं तर काय होतं?”

अण्णा तांब्यातलं पाणी हलवत म्हणाले, “काय होणार? गेल्या वाटेने परतलं की घर समोरून दिसतं. दाराला कुलूप दिसतं, आपणच लावलेलं. मागून गेलो, आधी दिवा लावला आणि मग पुढे येऊन कुलूप काढलं, की कसं, आत कोणीतरी आहेसं वाटतं.” ते थोडं हसले. “आणि येतो तरी कोणाला म्हणू? तुम्ही निघताना वहिनींनी ‘या’ म्हटलं, वहाणांचं सांगितलं. मी पायरीवर उभा राहून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला तुमचा हेवा वाटला.”

त्या कुलपावरून मी वर्षानुवर्षं हसलो होतो. मला शरम वाटली, आणि ती लपवायला मी पाय जास्तच दुखत असल्याचं दाखवलं.

पार्वती आम्हांला बघून धावतच आली. “अण्णा, मागारी कसं आलाव? वाट चुकलाव काय?” तिनेच पायाला लेप लावला आणि बैलगाडी मिळवून दिली. देवरूखहून आम्ही सर्व्हिस मोटारीने आलो. अण्णा सबंध वाटभर उलट्या बाजूने दिसणारा मुलूख बघत होते. ओसरीवर आळी जमली, तेव्हा हकीगत सांगायची पाळी माझी होती. मी धबधबा चार माड सांगितला. एकानेही विश्वास ठेवला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर अण्णा एकटेच निघाले. आमच्या ओसरीवर आले आणि उगाच पडशीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले. मग खाली बघून पुटपुटले, “वहिनी, येतो.”

आमच्या हिच्या हातातली वाटी पडता पडता राहिली. “या हो अण्णा, या!” ती म्हणाली. एवढ्या मायेने तिने मला कधी ‘या’ म्हटलेलं नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

अण्णांनी कुलपाची किल्ली तिच्यापुढे ठेवली. सहाव्या दिवशी ही म्हणाली, “आजच आले तर? अण्णांच्या घरी दिवा लावून येते.” मी म्हटलं, “तू कशाला? मी जातो.” तिने डोळे वटारले, तेव्हा म्हटलं, “येतो.” त्या दिवशी अण्णा आले नाहीत.

सातव्या दिवशी तिन्हीसांजेला मी पुन्हा कुलूप काढलं, दिवा लावला आणि दोन्ही दारं उघडून त्यांच्या पायरीवर बसलो. अण्णा आळीच्या तोंडाशी दिसले. सवयीने ते परसाकडे वळले, आणि थांबले. दिव्याकडे, उघड्या दाराकडे बघत हळूहळू पुढच्या वाटेने आले. धुळीने भरलेले पाय पायरीखाली ठेवून उभे राहिले.

“आलो,” ते म्हणाले.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी उठून बाजूला झालो आणि म्हटलं, “या.”