तीन संन्याशांची भिक्षा

हरिश्चंद्र मास्तरांनी समुद्र आधी घरातच करून पाहिला. काचेच्या पेटीत विहिरीचं पाणी ओतलं, बायकोच्या, मथुरेच्या, बरणीतलं मीठ घातलं, चव घेतली आणि आणखी एक मूठ टाकली. आमटीला जमतं ते समुद्राला का जमू नये, असा त्यांचा विचार. त्या समुद्रात सोडलेल्या सहा गोगलगायी दुसऱ्या सकाळी तळाशी उताण्या पडलेल्या दिसल्या.

येत्या शनिवारी शाळा तपासायला डेप्युटी साहेब येणार होते, आणि त्यांना समुद्रातले जीव जिवंत दाखवायचे असं मास्तरांनी हेडमास्तरांना कबूल केलं होतं. मांडवी बंदरावरचा रावजी खलाशी मेलेल्या गोगलगायी पाहून हळहळला. "मास्तरांनू, दर्या हाकेवर हाय, नि तुमी घरात कशाला शिजवताव?" एवढं म्हणून तो खऱ्या समुद्राचे दोन हंडे घेऊन आला. पेटीच्या सांध्यांना होडीला लावतात ती राळ त्यानेच भरली. नव्या गोगलगायी आणल्या, आणि सोबत रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारे तीन खेकडेही.

इंग्रजी पुस्तकात या खेकड्याला एकांतात राहणारा बैरागी म्हटलेलं होतं. मास्तरांनी त्याचं 'संन्यासी खेकडा' असं भाषांतर केलं आणि पेटीवर चिठ्ठी चिकटवली. मथुरेने मात्र एक विनंती केली. चातुर्मासात तिने मासळी सोडली होती, तेव्हा नावाचा दुसरा भाग घरात कुणी उच्चारू नये. कानावर पडलं की जिभेला आठवण होते, आणि व्रत काही नुसत्या पोटाने करायचं नसतं. मास्तरांनी चिठ्ठीचा अर्धा भाग फाडला. त्या दिवसापासून घरात नुसते संन्यासी राहिले.

त्याच आठवड्यात मास्तरांनी पालीला आत्याला खुशालीचं कार्ड टाकलं. शेवटी थोडी जागा उरली म्हणून लिहिलं, "घरी तीन संन्यासी मुक्कामाला आहेत. खाणे नाहीच म्हटले तरी चालेल. मथुरा सारे मनापासून करते. शनिवारपर्यंत टिकले म्हणजे झाले."

आता दमयंतीआत्याची गोष्ट अशी, की आषाढी एकादशीला तिने नेम धरला होता. संन्याशाच्या मुखी आपल्या हातचा घास पडेपर्यंत भात खायचा नाही. दरवर्षी कुणी ना कुणी संन्यासी पालीच्या देवळात चातुर्मासाला येतोच, त्यामुळे चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे असं तिला वाटलं होतं. नेमका याच वर्षी कुणी फिरकला नाही. दोन महिने तिने नाचणीच्या भाकरीवर काढले. कोकणात जन्मलेल्या माणसाला भाताशिवाय जेवण म्हणजे नुसतं चावणं. भाद्रपदातली पौर्णिमा चार दिवसांवर आली. संन्याशांचा चातुर्मास दोनच महिन्यांचा; त्यानंतर ते मुक्काम हलवतात, आणि मग पुढच्या आषाढापर्यंत भात नाही. अशा वेळी ते कार्ड आलं.

गुरुवारी सकाळच्या मोटारीने आत्या रत्नागिरीत उतरली. गाठोड्यात जुना तांदूळ, नारळ, गूळ आणि भगव्या रंगात बुडवून वाळवलेल्या तीन छाट्या. मास्तर शाळेत गेले होते. आत्याने पाय धुतले आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"कुठे आहेत गं?"

"मागच्या पडवीत," मथुरा म्हणाली. तिला वाटलं, कार्डावरून आत्याबाईंना पेटी बघायची हौस वाटली असेल. "पण दिवसाचे फारसे बाहेर येत नाहीत."

"ध्यानात असतील. आणि खाणं?"

"दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, असं हे म्हणतात. सगळा वेळ पाण्यात."

"पाण्यात!" आत्याने हात जोडले. "सामान काय त्यांचं?"

"सामान कुठलं? पाठीवर असेल तेवढंच."

आत्याचे डोळे भरून आले. "आज त्यांना मी वाढणार," ती म्हणाली आणि सोवळं नेसून चुलीपाशी बसली. एवढ्याशा जिवांसाठी आत्याबाईंनी नारळ का फोडावा, हे मथुरेला कळेना. पण घरच्यांनाही जेवायचंच आहे, असं म्हणून ती खोबरं खवायला बसली.

दुपारच्या सुटीत मास्तर आले, तेव्हा माजघरात तीन पाट मांडलेले, पुढे केळीची पानं, कडेला घडी केलेल्या छाट्या. आत्या तांब्या-ताम्हन घेऊन उभी होती. "हरी, त्यांना बोलाव. आधी पाय धुते." मथुरेने पाट मोजले आणि तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

मास्तरांनाही उमगलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"आत्या," ते म्हणाले, "पाय धुवायचे तर प्रत्येकाला दहा आहेत."

मग दोघांनी तिला पडवीत नेलं. आत्याने पेटीत पाहिलं, चिठ्ठी वाचली, पुन्हा पेटीत पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "भात उतरून ठेवलाय. झाकण घाल गं त्यावर, वास येतो."

मथुरा भातावर झाकण घालून तिच्याशेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "आत्याबाई, नेम धरताना तुम्ही काय शब्द बोललात?"

"संन्याशाच्या मुखी माझ्या हातचा घास."

"त्यात माणूस म्हटलं नव्हतं."

"नावाने कुणी संन्यासी होतो का?" आत्या म्हणाली. पण तिने मान पेटीकडे वळवली. निदान पारखून तरी बघावं.

बराच वेळ काही हललं नाही. मग सर्वांत मोठा खेकडा मथुरेने टाकलेल्या एका रिकाम्या शंखापाशी आला. त्याने तो आतून-बाहेरून चाचपला आणि अचानक आपलं घर सोडून उघडा, मऊ, गुलाबी असा पाण्यात बाहेर आला. आत्या पुढे वाकली. "घरसुद्धा टाकलं," ती पुटपुटली. तेवढ्यात तो नव्या शंखात शिरला.

"हं. मठ मोठा बघितला," आत्या म्हणाली. "पण ते सगळेच बघतात." आणि उठून भात आणायला गेली.

भाताने पाणी नासतं, शनिवारी साहेब येणार आहेत, असं मास्तर सांगू लागले. मथुरेने त्यांच्याकडे पाहिलं. "एक शीत," मास्तर म्हणाले.

आत्याने नमस्कार करून एक शीत पाण्यात सोडलं. तळाशी गेलेलं ते शीत खेकड्याने नांगीत उचललं, फिरवून बघितलं आणि तोंडात घातलं. चार दिवस शेवाळाखेरीज काही न खाणारा तो, दुसरं शीत शोधू लागला.

त्या दुपारी आत्या दोन महिन्यांचं जेवली. तिसऱ्यांदा भात वाढताना मथुरेने तिला आपलं व्रत संपल्यावर पुन्हा यायचा आग्रह केला. बोलण्याच्या भरात स्वतःच घातलेली बंदी विसरून तिने खेकड्यांचं नाव घेतलं, "कार्तिकात या, कुर्ल्यांचं कालवण करू."

आत्याचा घास हातातच राहिला. तिने पडवीकडे पाहिलं.

"यतींचं कालवण? आता या जन्मी कुठलं गं."

ती काही वेळ भात कालवत बसली. मग मास्तरांकडे वळली.

"हरी, कोळंबीला तुझ्या त्या पुस्तकात काय म्हणतात रे?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"नको," आत्या म्हणाली. "सांगू नकोस."